एक कांडी जास्त

चिंधू दोनदा मेला. पहिल्यांदा तो म्हातारपणानं मेला, त्याबद्दल कोणावर आरोप नाही. दुसऱ्यांदा त्याला तुम्ही मारलं, साहेब. गळ्यात हार, हातात पांढरे हातमोजे आणि नजर फोटोवाल्याकडे, अशा थाटात हसत हसत मारलं. मारून झाल्यावर टाळ्या वाजल्या. त्यात चंद्रभाननंही वाजवल्या, हे त्याच्या मनाला अजून लागून आहे.

आता सुरुवातीपासून ऐका.

थंड ठेवणे ही शासनाची सगळ्यात जुनी विद्या आहे. अर्ज, तक्रारी, चौकशीचे अहवाल, पुलांचे नकाशे, कितीतरी माल आपल्याकडे वर्षानुवर्षं जसाच्या तसा टिकून राहतो, तोही विजेचं एक युनिट न जाळता. तेव्हा जंगलातून संपत चाललेल्या जनावरांचं वीर्य उणे एकशे शहाण्णव अंशांवर गोठवून ठेवायचं, आणि पुढे कधी मादी मिळाली तर त्यातून पिल्लं जन्माला घालायची, हे नाजूक काम अशाच अनुभवी हातांत जावं यात गैर काही नव्हतं. म्हणून बोरगाव मेघेच्या कडेला, एका ले-आउटच्या शेवटच्या प्लॉटवर, 'वन्यप्राणी गोठित रेत जतन व संवर्धन केंद्र' उभं राहिलं. पाटीवर वाघाचा फोटो लागला. केंद्रात वाघाचं काही नव्हतं आणि आजही नाही. पण मंजूर नमुन्यात वाघ होता, आणि वाघ काढायला वेगळी मंजुरी लागते. आजूबाजूचे लोक त्याला 'थंडा दवाखाना' म्हणतात.

केंद्रात जे होतं ते एका चौशिंग्याचं होतं.

चौशिंगा म्हणजे शेळीएवढं, लाजाळू, नराच्या डोक्यावर चार शिंगं असलेलं हरणासारखं जनावर. हा बोरच्या जंगलाकडून भरकटत आला आणि बिनकठड्याच्या विहिरीत पडला. काढला तेव्हा एक कान फाटलेला आणि चारातली साडेतीन शिंगं शिल्लक. वय झालेलं, त्यामुळे जंगलात परत सोडण्यात अर्थ नव्हता. चंद्रभाननं त्याचं नाव चिंधू ठेवलं. ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथे पोराचं नाव चिंधू ठेवतात, म्हणजे मरणाला वाटावं, ही फाटकी चिंधी आहे, राहू द्या. चंद्रभानला असल्या गोष्टी पटत नाहीत. पण मरणाला पटत असल्या तर आपलं काय जातं, असा त्याचा हिशेब.

हा चंद्रभान देवळीच्या जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं पट्टीबंधक होता. गाईम्हशींसाठी गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या त्यानं हजारांनी हाताळल्या. (कांडी म्हणजे पेन्सिलीएवढी लांब आणि उदबत्तीएवढी बारीक प्लॅस्टिकची बंद नळी.) निवृत्त झाल्यावर त्याला केंद्रात कंत्राटी 'शीतपात्र परिचर' म्हणून घेतलं. द्रव नायट्रोजनच्या पात्रात पट्टी बुडवायची, पट्टीवर पांढरी रेघ कुठवर चढते ते बघायचं, कमी झालं की भरायचं, हे त्याचं काम. तीस वर्षांत त्याला एकच सवय लागली होती: सरकारी वस्तू हातात आली की मोजायची, आणि काम झालं की जिथली तिथं ठेवायची. ही सवय लक्षात ठेवा. माणूस गुणांमुळेच अडचणीत येतो, अवगुणांची तर सोय करून ठेवलेली असते.

नमुना घ्यायच्या आधी फॉर्म भरावा लागला. वेगळा फॉर्म अजून छापून आला नव्हता, म्हणून रक्तदान शिबिराचा वापरला. देणाऱ्याचं नाव: चिंधू. वडिलांचं नाव: जंगल. प्रवर्ग: अनुसूची एक. गेल्या तीन महिन्यांत कावीळ, मलेरिया, गोंदवून घेणे: नाही. दारू, खर्रा अथवा इतर तंबाखू: नाही. (पूर्ण जिल्ह्यात या रकान्यात खरं उत्तर देणारा तो पहिलाच नर.) संमतीच्या जागी डाव्या पुढच्या खुराचा ठसा घेतला. मग पशुवैद्य डॉक्टर पौर्णिमा मॅडमनी त्याला बेशुद्ध करून नमुना घेतला. तो कसा घेतात हे इथे लिहिता येईल, पण घरात बायालेकरंही वाचतात. एवढंच पुरे, की चिंधू बेशुद्ध होता आणि लाजत बाकीचे होते.

सव्वीस कांड्या भरल्या. तेरा एका डब्यात, तेरा दुसऱ्या डब्यात, आणि दोन्ही डबे एकाच चकचकीत पात्रात, पात्र क्रमांक एक. चार महिन्यांनी एका सकाळी चिंधू बाभळीच्या शेंगा खाऊन सावलीत बसला तो उठलाच नाही. चंद्रभाननं त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. पण पात्रात पट्टी बुडवली, रेघ बघितली आणि म्हणाला, "चाल बावा, अर्धा तं आहेस अजून."

मग उद्घाटन ठरलं, खात्याच्या मोठ्या साहेबांच्या हस्ते.

आता नियम सांगतो. कांड्यांचा डबा पात्राच्या मानेच्या वर काढायचा नाही. काढलाच तर दहा मोजायच्या आत खाली सोडायचा. नाहीतर आतला जीव वितळतो आणि पुन्हा गोठवला तरी उठत नाही. मॅडमनी हा नियम लाल अक्षरांत भिंतीवर लावला होता. कार्यक्रमाच्या दिवशी बरोबर त्यावरच स्वागताचा फ्लेक्स आला.

मे महिना, शेहेचाळीस अंश. साहेबांनी पात्राचं झाकण उचललं आणि पांढरीशुभ्र वाफ भसाभस बाहेर आली, टेबलावरून खाली सांडली, पायांपाशी पसरली. लोकांनी 'ओहो' केलं. साहेबांना आपण स्वर्गात उभे असल्यासारखं वाटलं. त्यांनी एक डबा वर ओढला आणि हातात धरून उभे राहिले.

"सर, अजून एक," फोटोवाला म्हणाला. "वाफ तोंडावर आली. तोंड नाई आलं."

चंद्रभान मनात मोजत होता. दहा झाले. तीस झाले. मग पाहुण्यांसोबत फोटो, मग कर्मचाऱ्यांसोबत, मग साहेबांच्या मेव्हण्यासोबत. दोनशेवर चंद्रभानला राहवलं नाही.

"साहेब, डबा खाली सोडा जी."

"काऊन बे? तुह्या बापाचा आहे काय?"

"नाई जी. चिंधूचा आहे."

लोक हसले. साहेबही हसले, त्यामुळे लोक आणखी हसले. डबा खाली गेला तेव्हा चंद्रभानची मोजणी सहाशे बाराला पोचली होती. मग गोरसपाकाची बिस्किटं आणि चहा झाला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोन्ही डब्यांतली एकेक कांडी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पहिल्या डब्यातली, जी साहेबांच्या हाती होती, तिच्यात सगळं सामसूम. त्यांनी दुसरी लावली आणि बाजूला झाल्या. "भाऊ, तुम्हीच पाहा."

चंद्रभाननं एक डोळा मिटून बघितलं. बारीक बारीक शेपट्या सैरावैरा पळत होत्या, एक इकडे, एक तिकडे, मधेच वळून.

"अवं मॅडम! हे तं पळून राह्यले!"

"हो. निम्मे तरी पळतात."

"अस्साच पळे तो. दिसला माणूस की असाच वाकडातिकडा." आणि मग त्यानं चष्मा पुसला. चष्मा खिशात होता, डोळ्यांवर नव्हता, हे मॅडमनी बघितलं.

मॅडमनी अहवाल पाठवला: पहिल्या डब्यातल्या उरलेल्या बारा कांड्या मृत. नऊ दिवसांत उत्तर आलं. असा वेग त्या कार्यालयाच्या इतिहासात नाही. 'सदर डबा मान्यवरांच्या हस्ते हाताळण्यात आला असल्याने त्यातील सामग्री मृत असल्याचा निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. सबब मृत या शब्दाऐवजी दीर्घ विश्रांतीत असे वाचावे.'

चंद्रभाननं ते वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि कामाला लागला.

कारण आता वाफेची कीर्ती पसरली होती. फोटो मोबाईलवरून मोबाईलवर गेला. पाहुण्याला काय दाखवावं, हा जिल्ह्याचा जुना प्रश्न सुटला. हिंगणघाटहून जिनिंगवाले आले, शाळांच्या सहली आल्या, अभ्यासदौरे आले, दोन लग्नाच्या वऱ्हाडांनी वाट वाकडी केली. चंद्रभाननं कॅलेंडरच्या मागे रेघा मारून ठेवल्या होत्या. चौदा महिन्यांचा हिशेब असा: भेटी एकसष्ट. माणसं दोन हजार तीनशे चौदा. रोजची पट्टी आणि भरणं सोडून झाकण उघडलं तीनशे अठ्ठ्याऐंशी वेळा, त्यापैकी कामासाठी दोनदा. 'वाघाचं दाखवा' म्हणणारे सतराशे. चिंधू कोण, हे विचारणारी एक. ती देवळीची देवकाबाई, आणि तीही पाणी मागायला आली होती.

पण या सगळ्या वाफेत चिंधू नव्हता. पत्र आलं त्याच आठवड्यात चंद्रभाननं दुसरा डबा हलवला होता.

केंद्राच्या कोठीत एक जुनं, पोचा पडलेलं ॲल्युमिनियमचं पात्र होतं. देवळीच्या दवाखान्यातून ते केव्हाच निर्लेखित झालेलं, म्हणजे कागदावर मेलेलं. त्यात झाडू ठेवायचे. चंद्रभाननं झाडू काढले, पात्र धुतलं, दोन दिवस नायट्रोजन भरून तपासलं. धरत होतं. जिवंत बारा कांड्या त्यात सोडल्या, वर सरकीचा बारदाना टाकला आणि बारदान्यावर आपला जेवणाचा डबा ठेवला. पात्र एकमध्ये बारा कमी भरू नयेत म्हणून बारा रिकाम्या कांड्यांत साधं पाणी भरून त्या तिथे ठेवल्या. आता वहीत चोवीस, पात्रात चोवीस. बारा दीर्घ विश्रांतीत आणि बारा नगरपालिकेच्या नळाच्या.

"भाऊ, हे नियमात बसत नाही," मॅडम म्हणाल्या.

"नाई बसत. पण मॅडम, जे कागदावर नाई, त्याचा दौरा नाई होत. तीस वर्षांत हेच शिकलो मी."

विद्यापीठात हे शिकवत नाहीत.

बारदान्याखालच्या पात्राला नायट्रोजन पात्र एकच्या वाट्यातूनच जायचा. वही म्हणायची, 'बाष्पीभवन'. आणि बाष्पीभवन तर सगळ्या जगानं बघितलेलं होतं, फोटोसहित. कोणी शंका घेतली नाही.

मग दुसऱ्या राज्यातल्या एका प्राणिसंग्रहालयातून मादी आली. तिचं नाव काजल. पिंजऱ्याच्या गाडीतून दोन दिवसांचा प्रवास करून आली आणि उतरताच कोपऱ्यात तोंड घालून उभी राहिली. मॅडमनी तिची तयारी केली, वेळ काढली: मंगळवार, सकाळी सात. तासभर इकडेतिकडे चालेल, जास्त नाही. सोमवारी साहेबांचा फोन आला. मी आल्याशिवाय सुरू करायचं नाही. आणि कांडी पात्र क्रमांक एकमधूनच घ्यायची, कारण उद्घाटन त्या पात्राचं झालेलं आहे.

मंगळवारी सात वाजले. साडेसात वाजले. साहेबांची गाडी निघाली नव्हती.

"काय करायचं भाऊ?"

"जनावराची घटका गाडीसाठी थांबते काय? काढा म्हणा तुमचं सामान. मी बारदाना काढतो."

पावणेआठला झालं. काजल गुंगीत होती, चंद्रभाननं तिचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि तिला सांगत होता, "माणूस चांगला होता वो. थोडा कानफाट्या होता, पण चांगला होता."

साहेब साडेबाराला आले. पुन्हा सगळं साग्रसंगीत झालं. पात्र एक उघडलं, वाफ झाली, साहेबांनी चिमट्यात कांडी धरली, काजलच्या पिंजऱ्यासमोर उभं राहून फोटो काढला. काजल जागी होऊन पाला खात होती, तिनं पाठ फिरवली. वहीत नोंद झाली: पात्र क्रमांक एक, वापर एक कांडी, शिल्लक तेवीस. साहेबांनी कांडी मॅडमच्या हाती दिली, मॅडमनी चंद्रभानच्या.

आणि इथे ती सवय. सरकारी वस्तू हातात आली. चंद्रभाननं ती मोजली, एक, आणि जिथली तिथं ठेवून झाकण लावलं.

साडेसात महिन्यांनी काजलला दोन पिल्लं झाली.

चंद्रभान त्या दिवशी देवळीपर्यंत मोटारसायकलवर जाऊन आला, काही काम नसताना. जुन्या दवाखान्यासमोर थांबला, जो भेटेल त्याला 'जय भीम' घातला, आलूबोंडे वाटले आणि परत आला. इकडे केंद्रात जे झालं ते मात्र नियमानुसार झालं. निष्कर्ष समिती बसली. समितीचं म्हणणं असं, की पात्र तीनशे अठ्ठ्याऐंशी वेळा उघडलं आणि पिल्लं झाली, म्हणजे उघडण्यानंच झाली. वारंवार उघडल्यानं कांड्यांना ताजी हवा मिळते आणि दीर्घ विश्रांतीतल्या सामग्रीला जाग येते. सबब इतर केंद्रांनीही दिवसातून किमान सहा वेळा, शक्यतो मान्यवरांच्या हस्ते, पात्र उघडावं. (ही शिफारस स्वीकारली गेली आहे. नायट्रोजनवाल्याचा ट्रक आता आठवड्यातून दोनदा येतो आणि ड्रायव्हर वाकून नमस्कार करतो.)

सगळं सुरळीत होतं. पण यशस्वी प्रकल्पाची साठा-मोजणी होते.

मोजणीत पात्र एकमध्ये चोवीस भरल्या.

पुन्हा मोजल्या. चोवीस. वही म्हणते तेवीस. आता साठ्यात कमी भरलं तर आपल्याकडे रीत ठरलेली आहे: गळती, तूट, उंदीर. जास्त भरलं तर रीतच नाही. जास्त भरणं ही गोष्ट प्रशासनाला माहीतच नाही. खळबळ उडाली. चंद्रभानच्या नावानं नोटीस निघाली.

'एक: साठ्यात एक कांडी जास्त कोठून आली? दोन: वापर एका कांडीचा असताना पिल्ले दोन कशी? (चौशिंग्याला बहुधा जुळी होतात हे मॅडमनी कळवलं होतं, ते 'सांगोवांगी' म्हणून फेटाळलं.) तीन: केंद्रात नोंदीबाहेरची कोणतीही सामग्री आढळल्यास ती तत्काळ नष्ट करण्यात येईल. चार: खुलासा सात दिवसांत सादर करावा, अन्यथा कंत्राट संपुष्टात.'

तिसरा मुद्दा चंद्रभाननं दोनदा वाचला. कंत्राट गेलं तर जाऊ दे, पेन्शन आहे. पण बारदान्याखाली अकरा कांड्या होत्या. चिंधू तेवढाच उरला होता.

घरी तो कागद घेऊन बसला. बायको, जयवंता, भाकरी थापत होती.

"एवढं काय लिवता? चूक झाली, माफी असावी, लिवा अन् मोकळे व्हा."

"चूक झाली असती तं लिवलं असतं."

"मंग खरं लिवा."

"खरं लिवलं तं ते अकरा मारतीन."

जयवंतानं भाकरी उलटवली. "खरं लिवा म्हणलं. पत्ता लिवा म्हणलं काय?"

चंद्रभाननं पेनचं टोपण काढलं. तीस वर्षं सरकारी नोकरी त्यानं केली, पण अक्कल घरी चुलीपाशी होती.

मग त्यानं खुलासा लिहिला. तो असा आहे, आणि शुद्धलेखन सोडून त्यात काही बदललेलं नाही.

'साहेब, जास्तीची कांडी कुठूनच आली नाही. ती गेलीच नव्हती. तुमच्या चिमट्यात होती ती मेलेली होती, म्हणून परत ठेवली. पिल्लं दुसऱ्या कांडीची आहेत. ती वहीत नव्हती, म्हणून जिवंत होती. पिल्लं दोन झाली, त्यातलं एक तुम्हाला जास्त वाटत असेल तर कोणतं कमी करायचं ते तुम्हीच काजलला विचारा. ती शिंग नसलेली आहे, पण पाय मारते. तुमच्या पात्रात चोवीस आहेत. बारा तुम्ही मारल्या, बारांत पाणी आहे. खुशाल नष्ट करा, वाफ चांगली येईल. माझ्याजवळ अकरा आहेत. त्या कुठे आहेत ते सांगणार नाही. सांगितलं की बघायला याल.'

खुलासा पोचला. त्यावर अजून उत्तर नाही. तो सध्या थंड ठेवलेला आहे.

दरम्यान साहेबांची बदली झाली, बढतीवर. नोटीस कोणाकडे गेली ते कोणालाच माहीत नाही, आणि पिल्लं मोठी होत आहेत. धाकट्याचा कान जन्मतःच थोडा दुमडलेला आहे. चंद्रभान रोज पट्टी बुडवतो. कुठल्या पात्रात, ते इथे लिहिलेलं नाही.

आता राहता राहिले तुम्ही. नाही, साहेब नव्हे, ते गेले. तुम्ही, वाचणारे. साहेबांच्या नावानं इतका वेळ मजेत मान हलवत होता म्हणून विचारतो. तीनशे अठ्ठ्याऐंशी वेळा झाकण उघडलं, त्यात साहेब फक्त दोनदा होते. बाकीच्यांची भेटवही चंद्रभाननं जपून ठेवली आहे. पान सत्तेचाळीस, वरून तिसरी सही. शेरा: 'छान उपक्रम.' हातात मोबाईल, सोबत घरची मंडळी, आणि तोंडात हे वाक्य: "काका, जरा अजून उघडा ना, वाफ नीट नाई आली."

अक्षर तुमचं आहे की नाही? सात दिवस देत नाही. आत्ता सांगा.